दगड का पडला? जुन्या शालेय संगणकावरील तीन खेळांची चिकित्सा

१९८७ सालची गोष्ट आहे. आमच्या अभ्यासगटातील एक शिक्षक तेव्हा तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत असत. शाळेत दोन संगणक आले होते. त्यांच्यासाठी एक खोली रंगवून घेतली होती, खिडक्यांना पडदे लावले होते आणि दाराशी चपला काढल्याशिवाय कोणालाही आत प्रवेश नव्हता. आठवड्यातून एक तास चाळीस मुले त्या दोन संगणकांभोवती दाटीवाटीने उभी राहत. मागे उभ्या असलेल्यांना पुढच्यांच्या माना तेवढ्या दिसत.

एकदा मधल्या सुट्टीत सर खोलीत शिरले, तर आठवीतील तीन मुलगे आणि एक मुलगी चक्क खेळ लावून बसलेली. कोणाच्या तरी मामाने विलायतेहून आणलेली कॅसेट होती. पडद्यावर सरड्यासारखा एक प्राणी माती खणत होता आणि वरून दगड कोसळत होते. मुलांचा वाद रंगात आला होता. एक जण म्हणत होता, "दगड रेप्टनवर पडतच नाही रे, तो फक्त रिकाम्या घरात पडतो." त्यावर मुलगी म्हणाली, "मग आत्ता मेला तो कसा?" सरांनी पुढे होऊन बटण बंद केले आणि "हे खेळायचं यंत्र नव्हे" असे बजावून चौघांनाही बाहेर काढले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सरांनाही ठाऊक नव्हते. ते शोधायचे तर निरीक्षण करावे लागते, अंदाज बांधावा लागतो, तो खोटा ठरेल असे उदाहरण शोधावे लागते आणि मग अंदाज सुधारावा लागतो. नेमके हेच आपण 'वैज्ञानिक पद्धती'च्या धड्यात फळ्यावर लिहून देत असतो. त्या दिवशी ते खोलीत आपसूक चालू होते आणि आपण ते बटण दाबून बंद केले. ही रुखरुख आमच्या मनात राहिली. म्हणून अलीकडे आम्ही तो खेळ आणि त्या काळचे आणखी दोन खेळ पुन्हा मिळवून, महिनाभर खेळून तपासले. जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल आजच्या संगणकावर करणारे प्रोग्रॅम असतात. त्यांना इम्युलेटर म्हणतात. त्यांच्यामुळे हे सहज शक्य झाले. या तपासणीतून जे हाती आले ते शिक्षकमित्रांपुढे ठेवीत आहोत.

यंत्र लहान, म्हणून नियम थोडे

ज्या संगणकाबद्दल आपण बोलत आहोत तो म्हणजे 'बीबीसी मायक्रो'. ब्रिटनमध्ये बीबीसीने लोकांना संगणक-साक्षर करण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हा संगणक बनवला आणि १९८१ च्या डिसेंबरात तो बाजारात आला. भारतात १९८४ साली 'क्लास' (कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स) ही योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात सुमारे अडीचशे शाळांसाठी हाच संगणक निवडला गेला. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने 'युनिकॉर्न' या नावाने तो परवान्याखाली आपल्याकडेही बनवला. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेक शिक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला संगणक हाच असेल.

त्याच्या 'बी' मॉडेलची स्मृती होती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र तीन मेगाबाइटचे धरले, तर ते या स्मृतीच्या ९६ पट भरते. शिवाय पडद्यावरचे चित्रही याच ३२ किलोबाइटमध्ये ठेवावे लागे. आठ रंग हवे असतील तर २० किलोबाइट चित्रातच जात. चार रंगांवर भागवले तर १० किलोबाइट पुरत. म्हणून त्या काळचे कितीतरी खेळ चारच रंगांचे असत.

स्मृती एवढी तोकडी असल्यामुळे खेळ लिहिणाऱ्याला फार नियम घालताच येत नसत. दहा-बारा साधे नियम, आणि त्यांच्या एकमेकांवरील परिणामांतून जे घडेल ते. शिक्षकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. ज्या जगात थोडेच नियम असतात, त्या जगाचे नियम बारा वर्षांचे मूलही शोधून काढू शकते.

मात्र लहान असला म्हणजे खेळ चांगलाच असतो असे नाही. आम्ही प्रत्येक खेळाला तीन प्रश्न विचारले. पहिला, खेळाचा नियम नुसत्या निरीक्षणातून मुलाला काढता येतो का? दुसरा, तो नियम समजल्याने खेळात यश मिळते का, की नुसती बोटे चपळ असली तरी पुरते? आणि तिसरा, मुलाला तो नियम किंवा निदान खेळाचे जग बदलून पाहता येते का?

स्नॅपर: बोटांना व्यायाम, डोक्याला विश्रांती

पहिला खेळ 'स्नॅपर'. एकॉर्नसॉफ्टने तो १९८२ साली काढला. जपानच्या नाम्को कंपनीच्या 'पॅक-मॅन' (१९८०) या प्रसिद्ध खेळाची ही उघड नक्कल होती. साम्य इतके होते की पुढे चित्रे बदलावी लागली. गोल तोंडाच्या नायकाला टोपी घातली गेली आणि भुतांना पाय फुटले. चक्रव्यूहातून पळत ठिपके खायचे आणि पाठीमागे लागलेल्यांना चुकवायचे, एवढाच खेळ.

कारागिरी उत्तम आहे. हालचाल इतकी सफाईदार की ३२ किलोबाइटच्या यंत्रावर हे चालले आहे यावर विश्वास बसत नाही. पण आमच्या तीन प्रश्नांपुढे खेळ लंगडा पडतो. पाठलाग करणारे कोणत्या नियमाने वळतात हे पळताना पाहायला उसंतच मिळत नाही. समजा एखाद्याने तो नियम शोधलाच, तरी त्याच्यापेक्षा चपळ बोटांचा, नियम न जाणणारा मुलगा जास्त गुण मिळवून जातो. आणि बदलता तर काहीच येत नाही. पावसाळी दुपारी मुलांना रमवायला खेळ छान आहे, आम्हीही रमलो. पण वर्गात आणावे असे त्यात फारसे काही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

रेप्टन: पाहा, अंदाज करा, चुका, सुधारा

दुसरा खेळ 'रेप्टन', म्हणजे त्या मधल्या सुट्टीतला. सुपीरियर सॉफ्टवेअरने तो १९८५ साली प्रसिद्ध केला. लिहिणारा टिम टायलर तेव्हा अवघा सोळा वर्षांचा होता. 'बोल्डर डॅश' नावाच्या दुसऱ्या खेळाचे परीक्षण त्याने वाचले होते, मूळ खेळ खेळलेला नव्हता. वर्णन वाचून त्याने आपल्या मनाने नियम रचले. आमच्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा हा मुलगा, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते.

जग चौकटींचे आहे. काही घरांत माती, काहींत दगड, काहींत हिरे, काहींत भिंत. रेप्टन माती खणत जातो आणि वेळेच्या आत सारे हिरे गोळा करतो. दगडाखालचे घर रिकामे झाले की दगड खाली येतो. दगडावर दगड असेल आणि बाजूला जागा असेल, तर वरचा घरंगळतो. रेप्टन दगडाला आडवे ढकलू शकतो. अंडे पडले की फुटते आणि त्यातून राक्षस निघून पाठलाग करतो. त्याला दगडाखाली चिरडता येते. किल्ली मिळाली की तिजोऱ्यांचे हिरे होतात. एवढ्यावर सगळा खेळ उभा आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. रेप्टन दगडाखालची माती खणून तिथेच उभा राहिला, तर दगड त्याच्या डोक्यावर तसाच थांबतो. म्हणजे मुलाचे म्हणणे बरोबर आहे: दगडाला खालचे घर 'रिकामे' हवे, आणि रेप्टन उभा असलेले घर रिकामे नाही. पण तोच दगड वरच्या घरातून पडत येत असेल आणि खाली रेप्टन असेल, तर रेप्टन मरतो. दगड तोच, रेप्टन तोच, दोघांच्या जागाही त्याच. तरी परिणाम वेगळा! मग नुसती स्थिती पाहून भागत नाही. 'हा दगड पडत आहे' किंवा 'हा दगड स्थिर आहे' असे आणखी काहीतरी संगणकाच्या लक्षात राहत असले पाहिजे. पडद्यावर न दिसणारी ही गोष्ट दिसणाऱ्या घटनांवरून ओळखावी लागते. भौतिकशास्त्रात केवळ जागा सांगून पुरत नाही, वेगही सांगावा लागतो, हे आपण नववीत शिकवतो. मुले त्याच्या उंबरठ्यापर्यंत आठवीतच, तेही मधल्या सुट्टीत, आली होती.

'रेप्टन २' मध्ये भुते आली. ही भुते एका बाजूच्या भिंतीला हात लावून चालल्यासारखी कडेकडेने फिरतात आणि पिंजऱ्यात शिरली की त्यांचे हिरे होतात. चक्रव्यूहातून बाहेर पडायची जुनी युक्ती हीच आहे: एक हात भिंतीवरून न काढता चालत राहा. या युक्तीची मर्यादाही खेळात दिसते. मधोमध एकटा दगड असेल आणि भूत त्याच्याच कडेला लागले असेल, तर ते त्याच्याभोवती घिरट्या घालत राहते. त्याला सोडवायचे तर आपणच दगड हलवून त्याच्यापुढची 'भिंत' बदलायला हवी. इथे नियम समजल्यावाचून एक पाऊलही पुढे जाता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रेप्टन ठामपणे 'होय' असे देतो.

दोषही सांगायला हवेत. वेळेची मर्यादा विचार करणाऱ्याला शिक्षा करते. एका चुकीमुळे अर्धा तास खपून जमवलेला डाव वाया जातो, आणि कच्च्या मनाचे मूल तिथेच खेळ सोडते. आणि सर्वांत मोठा दोष विज्ञानशिक्षकाला लगेच खुपेल: इथले दगड खोटे पडतात. पडताना त्यांचा वेग वाढत नाही. एका ठोक्याला एक घर या ठरावीक चालीने ते खाली येतात. ढकलणे थांबवले की जागीच थांबतात. ही न्यूटनची सृष्टी नव्हे, ही अ‍ॅरिस्टॉटलची सृष्टी आहे: जोर आहे तोवर गती, जोर संपला की गती संपली.

थ्रस्ट: जोर संपला तरी गती संपत नाही

म्हणून तिसरा खेळ 'थ्रस्ट' (१९८६). हाही सुपीरियर सॉफ्टवेअरचाच, लेखक जेरेमी स्मिथ. एक छोटे यान, खाली खेचणारे गुरुत्व आणि मर्यादित इंधन. यान डावी-उजवीकडे वळवायचे आणि नाक असेल त्या दिशेने जोर द्यायचा, इतकेच आपल्या हाती. जोर बंद केला तरी यान जातच राहते. थांबवायचे असेल तर उलट तोंड करून पुन्हा जोर लावावा लागतो. गुहेच्या तळाशी एक जड गोळा असतो. तो ताठ दांड्याने यानाला जोडून वर आणायचा. गोळा जोडला की यान एकटे उरत नाही. गोळा झोके घेतो आणि प्रत्येक झोक्याला यानालाही ओढतो. पुढच्या फेऱ्यांत गुरुत्व उलटे होते, आणि आणखी पुढे गुहेच्या भिंती दिसेनाशा होतात.

हा खेळ पहिल्यांदा खेळणारा माणूस, मग तो विज्ञानाचा शिक्षक का असेना, हमखास भिंतीवर आपटतो. आमच्यातले तिघे पदवीधर सलग वीस वेळा आपटले. कारण परीक्षेत आपण न्यूटनचा पहिला नियम लिहितो, पण हाताला अजून अ‍ॅरिस्टॉटलच ठाऊक असतो. अमेरिकेत एमआयटीमधील अँड्रिया डिसेसा यांनी १९८२ साली नेमके हेच दाखवून दिले होते. लोगो भाषेतील एका कासवाला 'टिचकी' मारून लक्ष्यावर न्यायचा साधा खेळ त्यांनी शाळकरी मुलांना दिला. कासव वर जात असताना मुले त्याचे तोंड उजवीकडे करीत आणि टिचकी मारीत. कासव आता उजवीकडे सरळ जाईल ही त्यांची अपेक्षा. पण वर जाण्याची आधीची गती शिल्लकच असते, त्यामुळे कासव तिरपे जाई. भौतिकशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यानेही सुरुवातीला तशाच चुका केल्या. पुस्तकातले ज्ञान आणि हाताची समजूत यांत केवढे अंतर असते, हे या प्रयोगाने दाखवले.

थ्रस्ट ते अंतर कमी करतो. तासाभराने आपण नकळत आधीच उलट जोर देऊ लागतो. पण त्याचीही एक मर्यादा आहे. हाताला कळलेले शब्दांत आणण्याचे काम खेळ करीत नाही, ते शिक्षकालाच करावे लागते. "यान सरळ वर जात असताना ते उजवीकडच्या बोगद्यात न्यायचे असेल, तर नाक कोणत्या दिशेला ठेवाल? का?" असा प्रश्न खेळ थांबवून विचारला पाहिजे. दहावीच्या विद्यार्थ्यांना आणखी एक काम देता येईल: या गुहेत हवेचा विरोध धरला आहे की नाही? पडद्यावर फूटपट्टी धरून, घड्याळ लावून त्यांनीच मोजून ठरवावे. खेळ भलताच कठीण आहे, त्यामुळे सगळा वर्ग त्यात टिकणार नाही, हेही लक्षात असू द्यावे.

तिसरा प्रश्न: बदलता येते का?

या कसोटीवर १९८६ चा 'रेप्टन ३' सर्वांत पुढे आहे. त्यात नकाशे रचण्याची आणि चित्रे बदलण्याची सोय खेळासोबतच दिली होती. मूल आता नुसते कोडे सोडवत नाही, कोडे घालते. कोडे घालणे हे सोडवण्यापेक्षा अवघड. आपण मांडलेला डाव सुटतो की नाही याची खात्री करावी लागते, आणि ती करताना प्रत्येक नियम पुन्हा तपासला जातो.

पण इथेही एक कुंपण आहेच. नकाशा बदलता येतो, चित्र बदलता येते. नियम मात्र बदलता येत नाही. दगडाचा वेग वाढवावा असे मुलाला वाटले, तर रेप्टन ३ त्याला काही मदत करीत नाही. त्यासाठी दुसरे दार होते. बीबीसी मायक्रो चालू केला की क्षणात बेसिक भाषा तयार असे. काही विकत घ्यायला नको की कोणाची परवानगी नको. त्या दारातून गेलेले मूल आपला दगड आपल्या नियमाने पाडू शकले असते. आम्ही त्या दाराशी उभे राहून दोन ओळी वहीत उतरवून घ्यायला लावत होतो.

आज शाळांत टॅबलेट आले, आणि त्यांवर 'शैक्षणिक खेळ' आले. त्यांतले बरेचसे असे असतात: बेरीज बरोबर आली की रॉकेट उडते. रॉकेट उडण्याचा आणि बेरजेचा काडीचाही संबंध नसतो. उद्या त्या जागी इतिहासाच्या सनावळ्या घातल्या तरी रॉकेट तसेच उडेल. कडू गोळीवर साखरेचा थर देण्यासारखे हे आहे, आणि त्यातून गणित कडूच असते हे मूल मनाशी पक्के करते. रेप्टनच्या वेष्टनावर कोणी 'शैक्षणिक' असे लिहिले नव्हते. पण त्यात खेळाचा नियम आणि शिकण्याची गोष्ट एकच होती.

संगणक नसला तरी

हे सारे वाचून "आमच्या शाळेत संगणक बंदच आहेत" असे कोणी म्हणेल. हरकत नाही. पटांगणात खडूने ८ × ८ घरे आखा. खडे म्हणजे दगड, कागदाचे कपटे म्हणजे माती, चिंचोके म्हणजे हिरे. प्रत्येक खड्याच्या एका बाजूला खडूची खूण करा. खडा स्थिर असेल तर खूण खाली, पडत असेल तर खूण वर. एक मूल रेप्टनची सोंगटी हलवील, दुसरे टाळी वाजवील, आणि चार मुले 'नियम' होतील. प्रत्येक टाळीला आधी रेप्टन एक घर हलेल, मग नियमाची मुले दगड हलवतील. आपल्या मनाचे काही करायचे नाही, ठरले आहे तेवढेच करायचे.

पाच मिनिटांत भांडण होईल. होऊ द्या. एकावर एक तीन खडे आहेत आणि खालची माती निघाली. वरच्या ओळीपासून तपासत खाली आलो, तर वरचे दोन खडे 'खाली दगड आहे' म्हणून जागीच राहतात आणि एकटा तळचा पडतो. शिवाय तो पुढच्या ओळीत पुन्हा भेटतो, पुन्हा पडतो, आणि एकाच टाळीत तळ गाठतो! खालच्या ओळीपासून तपासत वर गेलो, तर तिन्ही खडे एक-एक घर मिळून खाली येतात. नियम तोच, तपासण्याचा क्रम वेगळा, आणि जग वेगळे. घरंगळताना आधी डावी बाजू पाहायची की उजवी, यावरही वाद होईल. आपला नियम अपुरा होता हे मुलांना तेव्हा कळेल. प्रत्येक वाद आणि त्यावर काढलेला तोडगा वहीत लिहून ठेवायला सांगा.

मग एक दिवस नियम बदला. पडणारा दगड पहिल्या टाळीला १ घर, दुसऱ्या टाळीला ३ घरे आणि तिसऱ्या टाळीला ५ घरे खाली येईल. एकूण अंतर १, ४, ९. हा गॅलिलिओचा दगड. रेप्टनला आता पळायला किती टाळ्या मिळतात ते मुलांनीच मोजावे.

ज्यांच्याकडे संगणक चालू आहे, त्यांना बीबीसी बेसिकच्या आजच्या संगणकांवर चालणाऱ्या आवृत्त्या मिळतात. एमआयटीने २००७ साली खुली केलेली स्क्रॅच भाषाही विनामूल्य आहे. पटांगणातले हेच नियम त्यात लिहून पाहता येतील. मात्र आधी पटांगण, मग पडदा, हा क्रम आम्ही सुचवू.

त्या चौघांपैकी कोण पुढे काय झाले, हे आमच्या शिक्षकमित्राला ठाऊक नाही. त्या वेळी बटण बंद करण्याऐवजी स्टूल ओढून शेजारी बसायला हवे होते आणि म्हणायला हवे होते, "थांबा, पुन्हा एकदा मारून दाखवा बरं त्याला. दगड आधी पडत होता की उभा होता?" आपल्या शाळेत मधल्या सुट्टीत मुले खेळाभोवती वाद घालताना दिसली, तर एवढे जरूर करून पाहा.